पारिजात (नेपाळी लेखिका): 'शिरीषको फूल' वाचून झाली, आता तिच्याबद्दल कुणीतरी नीट सांगा

ओलीवाट

नमस्कार मंडळी,

आमचा पुण्यात एक लहानसा वाचनगट आहे, यंदा शेजारच्या देशांतल्या लेखिका वाचायच्या असं ठरलं आणि नेपाळ माझ्या वाट्याला आलं. ज्याला विचारावं तो एकच नाव घेतो, पारिजात. त्यांची 'शिरीषको फूल' ही १९६५ ची कादंबरी मी इंग्रजी अनुवादातून वाचली, 'ब्लू मिमोसा' नावानं तो १९७२ मध्ये आलाय. पुस्तक अगदी लहान आहे पण वाचल्यापासून डोक्यातून जाईना म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते, शेवटसुद्धा सांगावा लागेल कारण प्रश्न शेवटाबद्दलच आहे. सुयोगवीर नावाचा एक माजी सैनिक, चाळिशी उलटलेला, दुसऱ्या महायुद्धात बर्मात लढून आलेला, आता काठमांडूत एकटा राहतो आणि पीत बसतो. पिता पिता शिवराज नावाच्या एका तरुणाशी ओळख होते, त्याच्या घरी येणंजाणं सुरू होतं, घरात तीन बहिणी, मुजुरा, सकम्बरी आणि सानू. सकम्बरी म्हणजे केस बारीक कापलेले, डोळ्यांवर चष्मा, सिगारेटवर सिगारेट, आणि बोलणं एकदम तिखट. बागेत सुनाखरी म्हणजे ऑर्किड वाढवते. सुयोगवीर तिच्यात गुंतत जातो पण तिच्यासमोर त्याचं तोंड उघडत नाही, आणि एक दिवस तिला काही न विचारता तिचं चुंबन घेऊन टाकतो. ती काहीच बोलत नाही. नंतर आजारी पडते आणि जाते. बस्स.

आता माझे प्रश्न. एवढी धारदार पोरगी, जी कुणालाच जुमानत नाही, ती एका चुंबनानं मरते हे कसं समजून घ्यायचं? आमच्या गटात यावरून चांगलीच जुंपली. दुसरं म्हणजे पारिजातबाईंबद्दल शोधलं तर जिथंतिथं तेच तेच, आजारी होत्या, लग्न केलं नाही, निराशावादी लिहायच्या. एवढंच होतं का त्यांचं आयुष्य? आणि त्या कवयित्रीही होत्या म्हणतात, कविता कुठल्या वाचाव्यात?

---

तीस्ताकाठी

ताई तुम्ही धागा काढलात फार बरं वाटलं. मी मूळचा कोल्हापूरचा पण नोकरीमुळं बरीच वर्षं सिलिगुडीत आहे, चहाच्या धंद्यातली नोकरी, त्यामुळं रोजचं बोलणं नेपाळी माणसांशी आणि वाचायची सवय असल्यानं हळूहळू नेपाळी पुस्तकंही वाचायला लागलो. इथल्या लोकांसाठी पारिजात 'काठमांडूच्या लेखिका' नाहीत, आमच्याच म्हणतात, कारण जन्म दार्जिलिंगच्या डोंगरातला, लिंगिया चहामळ्याचा परिसर, साल १९३७. खरं नाव विष्णुकुमारी वाइबा. पारिजात हे लिहिण्यासाठी घेतलेलं नाव, आपल्या प्राजक्ताचंच.

आई लहानपणीच गेली. वडील डॉ. के. एन. वाइबा शिकलेले, डॉक्टर माणूस, घरात पुस्तकं. आता हे वाइबा म्हणजे तमांग समाज, आणि ही गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत पण मला ती फार महत्त्वाची वाटते. १८५४ साली तिथला पंतप्रधान जंगबहादुर राणा यानं नेपाळात जो मुलुकी ऐन म्हणजे देशाचा कायदा केला त्यात सगळ्या जातीजमातींची उतरंड लिहून ठेवली होती आणि तमांगांना टाकलं होतं 'मासिन्या मतवाली' या वर्गात, म्हणजे दारू पिणारे आणि ज्यांना गुलाम करता येतं असे. काठमांडूच्या भोवतालच्या डोंगरांत राहणारे हे लोक, दरबाराची ओझी वाहायची, वेठ करायची. त्यातले कितीतरी जण पोटासाठी डोंगर ओलांडून दार्जिलिंगच्या मळ्यांवर आले. त्या समाजातली एक मुलगी शंभर-सव्वाशे वर्षांनी काठमांडूत जाऊन नेपाळी भाषेतली सगळ्यात गाजलेली कादंबरी लिहिते. 'आजारी आणि अविवाहित' एवढंच सांगणाऱ्यांना हे दिसत कसं नाही मला कळत नाही.

१९५४ मध्ये घरचे सगळे काठमांडूला आले. काळ लक्षात घ्या, राणांची, म्हणजे त्या पिढीजात पंतप्रधान घराण्याची, १०४ वर्षांची सत्ता १९५१ ला संपलेली, शाळा-कॉलेजं नुकती कुठं उघडायला लागलेली, त्याआधी तिथं पुस्तक छापायचं तरी सरकारची परवानगी लागायची. दार्जिलिंगला मात्र छापखाने होते, मासिकं होती, नेपाळीचं शिक्षण होतं, त्यामुळं तिकडून आलेली माणसं एक वेगळी हवा घेऊन यायची. पारिजातांनी काठमांडूत शिक्षण पुरं केलं, १९५९ मध्ये 'धरती' नावाच्या मासिकात त्यांच्या कविता आल्या, म्हणजे सुरुवात कवितेनंच. 'आकांक्षा' हा पहिला संग्रह.

आजारपण खरं आहे, ते मी नाकारत नाही. लहानपणापासूनच सांधे धरायचे आणि पंचविशी-सव्विशीत तर हातपाय इतके आखडले की पुढचं सगळं आयुष्य बरंचसं घरातच गेलं. धाकटी बहीण सुकन्या, ती पण कथा लिहायची, तिनं शेवटपर्यंत सांभाळलं. पण 'घरातच' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बंद खोली येते, तसं अजिबात नव्हतं. काठमांडूच्या म्हेपी भागातलं ते घर म्हणजे तरुण कवी, गाणारे, विद्यार्थी, लपूनछपून राजकारण करणारे कार्यकर्ते या सगळ्यांचा अड्डा. बाई अंथरुणावर, बोटांत सिगारेट, आणि भोवती पोरं वाद घालतायत. त्यांना बाहेर जाणं जमत नव्हतं तर बाहेरचं जग आत यायचं.

आता 'शिरीषको फूल'. १९६५ ला आली तेव्हा त्या २८ च्या. मदन पुरस्कार मिळाला, नेपाळातला सगळ्यात मानाचा साहित्य पुरस्कार, राणी जगदंबांनी नवऱ्याच्या म्हणजे मदन शमशेर यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला. पारिजात तो मिळवणाऱ्या पहिल्या बाई. थोडं थांबून विचार करा, राणा घराण्याच्या नावाचा पुरस्कार आणि तो जातोय एका तमांग मुलीकडं.

कादंबरीवर तेव्हा टीकाही खूप झाली, शून्यवादी आहे, विसंगतिवादी म्हणजे जगण्याला अर्थच नाही असं मानणारी आहे, पाश्चात्त्यांची नक्कल आहे वगैरे. मला ते पटत नाही. १९६० च्या डिसेंबरात राजे महेंद्र यांनी निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं, पंतप्रधान बी. पी. कोइराला यांना तुरुंगात टाकलं, पक्षांवर बंदी आणली आणि पंचायत व्यवस्था, म्हणजे पक्षांशिवाय राजाच्याच हातातली राजवट, लादली जी पुढं ३० वर्षं चालली. ज्या पिढीनं राणा गेल्याचा जल्लोष केला त्याच पिढीला दहा वर्षांत पुन्हा गप्प बसवलं. त्या शहरात १९६५ साली बसून लिहिलेल्या कादंबरीत माणसं नुसती पीत बसली असतील, कुणालाच उद्या काय करायचं हे माहीत नसेल, तर त्यासाठी पॅरिसकडून काही उसनं आणायची गरज नव्हती, खिडकीतून बघितलं तरी पुरे होतं. गंमत म्हणजे साधारण तेव्हाच, १९६४ ला, इकडं दार्जिलिंगला इंद्रबहादुर राईंची 'आज रमिता छ' आली. एकाच डोंगरातून आलेली दोन माणसं, वर्षभराच्या अंतरानं, आणि नेपाळी कादंबरीचं वळणच बदललं.

शेवटाबद्दल दुसरे लोक लिहितीलच, मी तूर्त इथं थांबतो.

---

माजी फौजी (सातारा)

मी आर्मी मेडिकल कोअरमधून रिटायर झालो. सर्व्हिसमधली काही वर्षं एका गोरखा पलटणीला अटॅच होतो. साहित्य वगैरे मला फार कळत नाही, पण ही कादंबरी पलटणीतल्याच एका नेपाळी मास्तरांनी दिलेली, तेव्हा अडखळत नेपाळीतूनच वाचली आणि सुयोगवीर हा माणूस मला लगेच ओळखू आला म्हणून लिहितोय.

तिकडं फौजेत गेलेल्या माणसाला लाहुरे म्हणतात, रणजितसिंगांच्या काळात लाहोरला जाऊन नोकरी करायचे तिथपासूनचं हे. पुढं इंग्रजांनी भरती केली, दोन्ही महायुद्धांत लाखाच्या वर पोरं गेली, १९४७ ला दहा गोरखा रेजिमेंटची वाटणी झाली, सहा भारताकडं आणि चार इंग्रजांकडं. लाहुरे गावात आला की मोठा मान, सोबत रेडिओ, घड्याळ, पैसा. गाणीच्या गाणी आहेत त्याच्यावर. पण त्यानं युद्धात काय केलं, काय बघितलं हे कुणी विचारत नाही आणि तो पण सांगत नाही. पारिजातबाईंनी नेमकं तेच विचारलं. बर्माच्या जंगलात सुयोगवीरनं बायकांना कसं वापरलं आणि मागं टाकलं हे त्याच्याच तोंडून येतं, कारण पुस्तक सगळं तोच सांगतोय, 'मी' म्हणून. आणि सांगताना त्याला फारसं काही वाटत नाही, युद्ध होतं, होऊन गेलं, असं.

म्हणून ताई तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की ते एक चुंबन नाहीच. त्याच्या दृष्टीनं ते प्रेम आहे, आयुष्यात पहिल्यांदा खरं काहीतरी वाटलं असं त्याला वाटतंय. पण हाताला सवय तीच, जंगलातली. समोरच्या बाईला विचारायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नाही. आणि मग ती मेल्यावर त्याला मागचं सगळं दिसायला लागतं. इतक्या वर्षांत त्याच्यावर खटला कुठंच चालला नव्हता, तो या बागेत चालला.

मी असे लोक बघितलेत. वाईट माणसं नव्हती ती, जिवाला जीव देणारी होती. आणि रात्री झोपेत ओरडायची. एका बाईनं, जी स्वतः कधी रणांगणाच्या जवळपास गेली नाही, तिनं आतून असा सैनिक लिहावा याचं मला फार नवल वाटतं, आणि आदर वाटतो.

त्यांची 'लाहुरेलाई एक रोगी प्रेमिकाको पत्र' म्हणून कविता आहे ती पण जरूर वाचा. आजारी मुलगी, दूर फौजेतल्या प्रियकराला पत्र लिहितेय. पलटणीत पत्राची काय किंमत असते हे मी बघितलंय, म्हणून असेल, पण ती कविता वाचल्यावर बराच वेळ दुसरं काही सुचेना.

---

रोखठोक

सगळ्यांचं वाचलं, माहिती छान आहे, पण मला कादंबरी पटली नाही आणि का ते सांगतो.

फौजीकाकांनी जे लिहिलं तेच माझं दुखणं आहे. पुरुषाला स्वतःच्या पापाची जाणीव व्हावी म्हणून बाई मरते. आपल्याकडं, हिंदीत, बंगालीत, सगळीकडं हेच, बाईनं मरायचं आणि त्यानं शहाणं व्हायचं. सकम्बरी आख्ख्या पुस्तकात इतकी जिवंत आहे, देवधर्मावर बोलते, मरणावर बोलते, समोरच्याला गप्प करते, आणि शेवटी लेखिकेनं तिला काय दिलं तर आजारपण. तिनं थोबाडीत का नाही मारली? भावाला का नाही सांगितलं? चिडून घराबाहेर का नाही काढलं त्याला? त्या काळातली एक बाई लेखिका असं लिहिते याचं मला जास्त वाईट वाटतं. लेखिकेचा आदर आहेच, पण हा शेवट मला कमकुवत वाटतो, आणि 'प्रतीकात्मक आहे' म्हटलं की सगळं माफ असं मी मानत नाही.

---

मांडवीकाठ

मी गोव्यात कॉलेजात शिकवते, भारतीय भाषांतलं साहित्य असा एक पेपर आहे त्यात नेपाळीही येतं. आम्हा गोंयकारांना नेपाळीबद्दल थोडी जवळीक आहे कारण १९९२ ला कोंकणी, मणिपुरी आणि नेपाळी या तिन्ही भाषा एकाच घटनादुरुस्तीनं, ७१ व्या, आठव्या परिशिष्टात आल्या. तिघींनीही त्यासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं होतं.

रोखठोक, तुमचा आक्षेप मला मोलाचा वाटतो, वर्गात मुलीही दरवर्षी हेच विचारतात. पण एक गोष्ट बघा, सकम्बरी का मेली हे आपल्याला सांगतंय कोण? सुयोगवीर. पूर्ण पुस्तकात एक ओळसुद्धा सकम्बरीच्या बाजूनं नाही. तिचं आजारपण काय होतं, तिच्या मनात काय चाललं होतं, ती त्याच्यामुळंच गेली का, यातलं काहीही आपल्याला कळत नाही. 'माझ्या स्पर्शानं ती मेली' हे त्याचं म्हणणं आहे. मला तर यात त्याचा अहंकारच दिसतो, तिच्या मरणातही मध्यभागी हाच. आणि पारिजातांनी त्याला ना तिची माफी मिळू दिली ना तिचा राग. शिवी दिली असती, थोबाडीत दिली असती तर त्याचं काम सोपं झालं असतं, हिशोब फिटला असता. तिनं त्याला काहीच दिलं नाही. फौजीकाका म्हणतात खटला चालला, मी म्हणेन खटला चालला पण निकाल त्याला ऐकवलाच नाही, आणि हीच त्याची शिक्षा. सुनाखरीवर येणाऱ्या किड्याचं जे बोलणं त्या दोघांत होतं ते परत वाचा, ती तिथंच त्याला सगळं सांगून मोकळी झालेली आहे, ऐकणारा ऐकत नव्हता.

आता मुद्दा मला जास्त जिव्हाळ्याचा. पारिजात म्हणजे 'शिरीषको फूल' आणि मग आजारपण आणि मग १९९३ ला मृत्यू, असं जे चित्र आहे ते फार अर्धवट आहे. कादंबरी आली आणि वर्ष-दोन वर्षांत राल्फा नावाची एक चळवळ उभी राहिली, मंजुल, रमेश, रायन, अरिम वगैरे तरुण कवी आणि गायक, जुनं सगळं झुगारून द्यायचं, रस्त्यावर गायचं, नियम नाहीत असं त्यांचं चाललेलं. पारिजात त्यांच्यात होत्या, वयानं थोड्या मोठ्या, त्यामुळं दिदी. सुरुवातीला ते नुसतं बंड होतं, कशाविरुद्ध ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. मग हळूहळू सगळेच डावीकडं वळले, मंजुल आणि रमेश तर पूर्व नेपाळातल्या डोंगरांत गावोगाव पायी फिरले, लोकांची गाणी ऐकत आणि स्वतःची गात.

पारिजातांचं लिहिणंही बदललं. ज्या बाईनं 'कशालाच अर्थ नाही' असं वाटायला लावणारी कादंबरी लिहिली तिनंच पुढं 'अनिंदो पहाडसँगै' लिहिली, 'सल्गीको बलात्कृत आँसु' सारखा कथासंग्रह दिला ज्यात गरीब, डोंगरातल्या, विकल्या गेलेल्या, वापरल्या गेलेल्या बायका आहेत. प्रगतिशील लेखक संघात त्या होत्या, राजकीय कैद्यांना मदत करणाऱ्या बंदी सहायता नियोगात होत्या. हे सगळं पंचायतीच्या काळात, पक्षांवर बंदी असताना, आणि ज्या बाईला धड चालता येत नाही तिनं केलेलं.

पुष्कळ समीक्षक म्हणतात की पहिली पारिजात खरी कलावंत आणि नंतरची प्रचारक. मला या वाटणीचा मनापासून राग येतो. सकम्बरी जी बोलत नाही आणि सल्गी जिचं रडं कुणी ऐकत नाही, यात मला तरी फारसं अंतर दिसत नाही. फरक एवढाच की पहिल्या वेळी त्यांनी गुन्हेगाराला बोलायला लावलं आणि नंतर ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांच्या घरी जाऊन बसल्या. नंतरची कादंबरी काही ठिकाणी भाषणासारखी होते हे खरं आहे, संवाद लांबतात, माणसं विचार बोलून दाखवतात. पण म्हणून ते 'पतन' होत नाही, त्या दुसरं काहीतरी करू बघत होत्या आणि त्याला जी किंमत पडते ती त्यांनी दिली.

आणि निराशावादी म्हणाल तर १९९० चं जनआंदोलन झालं, पंचायत गेली, पक्ष मोकळे झाले, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं आणि त्यासाठी झटणाऱ्यांत त्या होत्या. त्यानंतर तीनच वर्षांत, एप्रिल १९९३ मध्ये गेल्या.

---

ओलीवाट

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मांडवीकाठताई, सांगणारा सुयोगवीर आहे ही गोष्ट समोर असून आमच्या गटात कुणीच बोललं नाही. सुनाखरीचा प्रसंग लगेच काढून पुन्हा वाचला आणि अंगावर काटा आला, तिनं किती आधी सांगून ठेवलंय.

तीस्ताकाठी, तमांगांबद्दलचं तुम्ही लिहिलंत ते मला अजून हवंय. त्यांच्या लिहिण्यात ते कुठं येतं का? 'शिरीषको फूल' मध्ये तर मला कुठंच दिसलं नाही, ती माणसं शहरी आणि खाऊनपिऊन बरी वाटली. आणि कविता नेपाळीतून वाचायच्या म्हटलं तर जमेल का मला, नेपाळी मी कधी वाचलेलं नाही.

---

तीस्ताकाठी

ताई, 'शिरीषको फूल' मध्ये नाही हे बरोबर आहे, ती कादंबरी मुद्दामच जातपात, गाव सगळं बाजूला ठेवून लिहिलीय असं मला वाटतं. नंतरच्या कथांत येतं, सल्गी वगैरे डोंगरातल्याच आहेत. आणि त्यांच्या आठवणींचं पुस्तक आहे, 'धूपी, सल्ला र लालीगुराँसको फेदमा', दार्जिलिंगचं बालपण आहे त्यात, धुकं, चहामळे, घर. आठवणींचं अजून एक आहे, 'एउटा चित्रमय सुरुवात'. मला विचाराल तर कादंबरीनंतर ही दोन वाचा आणि मग कथा. मी स्वतः त्या भागात फिरतो त्यामुळं असेल, पण ते वाचल्यापासून लिंगियाकडं जाणारा रस्ता मला वेगळा दिसायला लागला.

नेपाळी वाचायला जमेल, नक्की जमेल. लिपी देवनागरीच, निम्मे शब्द संस्कृतातले, फक्त क्रियापदं आणि प्रत्यय सवयीचे व्हायला हवेत. छ म्हणजे आहे, थियो म्हणजे होता, लाई म्हणजे ला, को म्हणजे चा, इथूनच सुरू करायचं. कवितेला तर कोश घेऊन बसायचं, ओळ मोठ्यानं म्हणायची, दोन-तीनदा म्हटल्यावर उघडायला लागते. 'पारिजातका कविता' म्हणून संग्रह आहे, १९८७ चा, शेवटचा 'बैंसालु वर्तमान' १९९३ चा. सगळं लेखन एकत्र हवं असेल तर सिक्कीमला नामचीच्या निर्माण प्रकाशनानं खंड काढलेत, इथं सिलिगुडीत, दार्जिलिंगच्या दुकानांत विचारलं की मिळतात कधीकधी. मी पुढच्या आठवड्यात वर जाणार आहे, मिळाले तर तुम्हाला व्यक्तिगत निरोप करतो.

---

माजी फौजी (सातारा)

मॅडमनी सुयोगवीरच्या अहंकाराबद्दल लिहिलं ते दोनदा वाचलं. बरोबर असेल. पण मला त्या माणसाची कीव येते ती काही जाईना. त्याला माफी मिळू नये हे मान्य, पण त्याला फौजेत पाठवणारे, त्याच्याकडून ते सगळं करवून घेणारे, मेडल देणारे, त्यांना कादंबरीत कुणी काही विचारत नाही. बाईंना ते दिसत होतं असं मला वाटतं, म्हणून तर ती पत्राची कविता लिहिली.

---

मांडवीकाठ

काका, हे वर्गात सांगते मी, तुमची परवानगी असेल तर. मुलं सुयोगवीरवर फार चटकन फुली मारतात, त्याला पाठवणाऱ्यांपर्यंत कुणी जातच नाही.

---

रोखठोक

मांडवीकाठताई, सांगणारा तोच आहे हा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. तरी मला वाटतं की सकम्बरीला थोडं जास्त जगू द्यायला हवं होतं, निदान ती काय म्हणाली असती हे ऐकायला मिळालं असतं. पण आता 'सल्गीको बलात्कृत आँसु' वाचायचं ठरवलंय कारण तुम्ही म्हणता तसं तिथं त्या बायका बोलत असतील तर मला तीच पारिजात हवी होती. तीस्ताकाठी, दुकानात दोन प्रती मिळाल्या तर एक माझ्यासाठी पण घ्या, पैसे आणि पोस्टाचा खर्च लगेच पाठवतो.